प्रस्तावना : उष्णोदकातील विकर

शास्त्रीय शोधांचा इतिहास सांगताना शोध कोणी लावला, कोणत्या साली लावला आणि त्याबद्दल त्यास कोणते पारितोषिक मिळाले, या तीन रकान्यांत सारा वृत्तान्त बसवून मोकळे होण्याची आपणांस सवय झाली आहे. परंतु काही शोधांचा धागा धरून मागे मागे जाऊ लागले, तर तो कोणा एकाच्या प्रतिभेपाशी थांबत नाही. एकमेकांस न ओळखणाऱ्या आणि एकमेकांच्या हेतूंची वार्ताही नसलेल्या अनेकांच्या हातांतून तो जातो, आणि मधल्या एका टप्प्यात तर तो कोणाच्याच हाती नसतो. एका संग्रहाच्या शीतगृहात, नावगाव लिहिलेल्या बंद कुपीत, पुढे कोणी मागावयास येईल एवढ्याच भरवशावर तो जपून ठेवलेला असतो. पाणी उकळण्याच्या बेताला आले तरी न बिघडता डी.एन.ए.ची नक्कल करीत राहणारी जी जिवाणूजन्य विकरे आज जगभरच्या जीवशास्त्रीय प्रयोगशाळांत नित्य वापरली जातात, त्यांचा इतिहास या जातीचा आहे. आणि तोच प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

हा विषय मराठी वाचकास सर्वस्वी अपरिचित आहे, असे म्हणता यावयाचे नाही. 2020 सालच्या साथीत ‘आर.टी.-पी.सी.आर.’ ही अक्षरे खेड्यापाड्यांतील आबालवृद्धांच्या तोंडी रुळली. नाकातला वा घशातला स्राव कुपीत बंद करून कोठेतरी रवाना व्हावयाचा आणि एक-दोन दिवसांनी ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ असा निकाल हाती यावयाचा, हा व्यवहार सर्वांनी पाहिला, आणि लक्षावधी कुटुंबांनी तो धास्तावलेल्या मनाने अनुभवला. भारतातील पहिल्या रुग्णाची खात्री त्या वर्षीच्या 30 जानेवारीस झाली, तीही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत याच पद्धतीने केलेल्या तपासणीवरून. परंतु प्रत्यक्ष नळीत त्या तास-दीड तासात काय घडते, ते घडवून आणणारे द्रव्य कोणते, आणि ते मूळचे कोठले, हे जाणून घेण्याची सवड त्या धामधुमीत कोणासच नव्हती. आता ती आहे, आणि म्हणूनच हा खटाटोप.

प्रथम नकलेचा व्यवहार समजून घेतला पाहिजे. डी.एन.ए.चा रेणू म्हणजे ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या घटकांची दुपदरी साखळी. एका पदरात ए असेल तेथे समोर टी आणि जी असेल तेथे समोर सी, हा नियम अढळ असल्यामुळे एक पदर हाती असला म्हणजे दुसरा त्यावरून तंतोतंत तयार करता येतो. पेशी दुभंगण्यापूर्वी हेच करते, आणि हे काम ज्या विकराकरवी ती करवून घेते, त्यास डी.एन.ए. पॉलिमरेज म्हणतात. आर्थर कोर्नबर्ग यांनी 1956 च्या सुमारास ई. कोलाय या आपल्या आतड्यातील जिवाणूपासून हे विकर प्रथम वेगळे केले, आणि त्यासाठी 1959 सालचे नोबेल पारितोषिक सेव्हेरो ओचोआ यांच्यासमवेत त्यांना मिळाले. या विकराच्या स्वभावातील एक गोष्ट पुढील सर्व कथेच्या मुळाशी आहे. कोऱ्या जागेवर पहिले अक्षर मांडण्याचा त्याला अधिकार नाही; मूळ पदरावर आधीच जुळून बसलेला एक छोटा तुकडा असावा लागतो, आणि त्याच्या टोकापासून पुढची अक्षरे ते एकेक करून जोडीत जाते. या तुकड्याला प्राइमर म्हणतात.

आता एखाद्या माणसाच्या तीनशे कोटी अक्षरांच्या डी.एन.ए.मधून आपणांस हवा असलेला, समजा, दोनशे अक्षरांचा मजकूर तेवढा वेगळा काढून त्याच्या कोट्यवधी नकला करावयाच्या आहेत. त्या मजकुराच्या दोन टोकांस जुळतील असे दोन प्राइमर बनवून घ्यावयाचे, मूळ डी.एन.ए. साधारण 95 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्याचे दोन पदर सुटे करावयाचे, मग ते मिश्रण 55-60 अंशांपर्यंत निववून प्राइमरांना आपापल्या जागी बसू द्यावयाचे, आणि नंतर पॉलिमरेजकडून समोरचा पदर भरून घ्यावयाचा. एकाचे दोन झाले. पुन्हा तापवावे, पुन्हा निववावे, पुन्हा भरून घ्यावे. दोहोंचे चार, चारांचे आठ. प्रत्येक फेरी पूर्णपणे साधली, तर तिसाव्या फेरीअखेर एका रेणूचे 107 कोटींहून अधिक रेणू व्हावेत, असा हा हिशेब आहे. याच प्रक्रियेला पॉलिमरेज शृंखला अभिक्रिया, अर्थात पी.सी.आर., असे नाव पडले.

हिशेब सोपा आहे. अडचण उष्णतेची होती. अंडे उकडले म्हणजे त्यातला पातळ बलक जसा घट्ट होतो आणि मग कितीही गार केला तरी पुन्हा पातळ होत नाही, तीच गत उष्णतेने बहुतेक प्रथिनांची होते, आणि विकरे ही प्रथिनेच आहेत. ई. कोलायचे पॉलिमरेज माणसाच्या देहाच्या तापमानाला, म्हणजे 37 अंशांना सरावलेले. पदर सुटे करण्यासाठी 95 अंशांची आच दिली की ते कायमचे निकामी होई. सबब आरंभीच्या प्रयोगकर्त्यांना प्रत्येक फेरीनंतर नळी उघडून विकराचा नवा भरणा करावा लागे. वीस फेऱ्या करावयाच्या तर वीस वेळा. शिवाय 37 अंशांच्या थंड वातावरणात प्राइमर अर्धवट जुळणाऱ्या भलत्याच जागीही चिकटून बसत, आणि मागितलेल्या मजकुराबरोबर न मागितलेला मजकूरही नकलून येई. ज्याला आच लागत नाही असे पॉलिमरेज कोठे मिळेल काय, हा प्रश्न अशा रीतीने उभा राहिला. आश्चर्य हे की, प्रश्न उभा राहण्याच्या सतरा वर्षे आधीच त्याचे उत्तर एका कुपीत जाऊन बसले होते.

ते उत्तर सापडले अमेरिकेतील यलोस्टोन येथे. 1872 साली स्थापन झालेल्या या राष्ट्रीय उद्यानात भूगर्भातील उष्णतेने तापलेल्या पाण्याचे असंख्य झरे आहेत. झऱ्याच्या मुखातून निघालेले पाणी जसजसे दूर वाहत जाते तसतसे ते निवत जाते, आणि त्या निवण्याच्या क्रमाने तळाचे व काठाचे रंग पालटत जातात. एका मर्यादेपलीकडे हिरवा, मग पिवळा, नारिंगी, तपकिरी. हे रंग पुष्कळ अंशी सूक्ष्मजीवांच्या थरांचे असतात. इंडियाना विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक थॉमस ब्रॉक यांनी 1964 साली हे दृश्य प्रथम पाहिले आणि त्यांच्या मनाने ठाव घेतला तो या रंगांच्या मर्यादेचा. 73 अंशांच्या आसपास प्रकाशावर जगणाऱ्या जीवांचा थर संपतो, हे खरे; पण म्हणून जीवसृष्टीच तेथे संपते काय? ऑक्टोपस स्प्रिंग नावाच्या झऱ्याच्या प्रवाहात 80 अंशांहूनही अधिक तापलेल्या पाण्यात त्यांना गुलाबी तंतूंचे झुबके हेलकावताना दिसले. पाणी उकळत्याच्या जवळ, आणि त्यात जीव नांदतो आहे! त्या दर्शनाने ब्रॉक यांच्या संशोधनाची दिशा पुढील दहा वर्षांसाठी निश्चित केली.

1966 साली त्यांच्याकडे काम करीत असलेला ह्युडसन फ्रीझ हा पदवीपूर्व वर्गातील विद्यार्थी होता. मशरूम स्प्रिंग नावाच्या झऱ्यातून आणलेल्या नमुन्यावर त्याने केलेले काम जवळून पाहण्यासारखे आहे, कारण त्यातील हातोटीतच त्याच्या यशाचे रहस्य आहे. उष्णतास्नेही जिवाणूंचा शोध ब्रॉक यांच्यापूर्वीही पुष्कळांनी केला होता. पण ते संशोधक पंचावन्न-साठ अंशांवर आणि पोषकद्रव्यांनी समृद्ध अशा माध्यमात जिवाणू वाढवीत, आणि त्यामुळे बहुधा एकाच परिचित गटातील, बीजाणू धारण करणारे जिवाणू त्यांच्या हाती लागत. फ्रीझने तापमान सत्तर-पंचाहत्तर अंशांवर नेले आणि माध्यम अतिशय विरळ ठेवले, कारण झऱ्याचे पाणीही असेच विरळ असते. ज्या जीवाला अल्पाहाराची सवय आहे, त्याला मेजवानी मानवत नाही. काही काळाने नळीतील द्रव गढुळला, आणि त्यातून पिवळसर रंगाचे, काडीसारखे, बीजाणूरहित जिवाणू वेगळे करता आले. 70 अंशांना त्यांची वाढ सर्वांत जोमदार. 79 अंशांपर्यंत ते वाढू शकत. 1969 साली ‘जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी’ या नियतकालिकात ब्रॉक आणि फ्रीझ यांनी या नव्या प्रजातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला थर्मस ॲक्वाटिकस असे नाव दिले. पुढे दिसून आले की, हा जीव यलोस्टोनपुरताच नाही; विद्यापीठाच्या आवारातील गरम पाण्याच्या नळातूनही तो मिळाला. या जिवाणूच्या काही विकरांना उष्णता सोसते, हेही त्याच दोघांनी दाखवून दिले.

येथे ब्रॉक यांनी आणखी एक गोष्ट केली. मशरूम स्प्रिंगमधून मिळालेला वाण त्यांनी वाय.टी.-1 या खुणेने नोंदवून अमेरिकन टाइप कल्चर कलेक्शन या सार्वजनिक संग्रहात जमा केला. तेथे त्याला 25104 हा क्रमांक मिळाला. या नोंदीचा उल्लेख इतिहासात एका ओळीत उरकला जातो. माझ्या मते मात्र या सर्व वृत्तान्ताचे मर्म त्या एका ओळीत आहे. ब्रॉक यांना पी.सी.आर.ची कल्पना असणे शक्यच नव्हते. आपल्या कुपीची जगाला कधी गरज पडेल की नाही, पडली तर कोणाला, हे त्यांना ठाऊक नव्हते. तरीही, जे हाती आले ते नाव, ठिकाण व लक्षणे नोंदवून कोणासही मागता येईल अशा जागी ठेवले पाहिजे, या शास्त्रीय शिस्तीस ते जागले. पेशव्यांच्या दप्तरातील कागद लिहिणाऱ्या कारकुनांस, आपले रुमाल शंभर-दीडशे वर्षांनी सोडले जातील आणि गो. स. सरदेसाई त्यांतून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादतील, याची स्वप्नातही कल्पना नव्हती. पण त्यांनी कागद तारीखवार लिहिले आणि कोणीतरी ते जपले, म्हणून आपणांस आपला इतिहास लिहिता आला. जपणूक ही नेहमी अशा वाचकासाठी असते, जो अजून आलेला नाही.

तो वाचक लवकरच आला. सिनसिनाटी विद्यापीठातील ॲलिस चिएन, डेव्हिड एडगर आणि जॉन ट्रेला यांनी याच वाणातून डी.एन.ए. पॉलिमरेज वेगळे करून शुद्ध केले आणि 1976 साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. 80 अंशांच्या आसपास हे विकर सर्वाधिक कार्यक्षम असते, असे त्यांना आढळले. सोव्हिएत रशियातही 1980 च्या सुमारास कालेडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच विकर स्वतंत्रपणे शुद्ध केले. या दोन्ही प्रबंधांचा हेतू अत्यंत साधा होता: इतक्या उष्णतेत राहणारा जीव आपल्या डी.एन.ए.ची नक्कल कशी करतो, हे समजून घ्यावे. जिज्ञासा पुरी झाली, प्रबंध ग्रंथालयांत दाखल झाले, आणि थोडी वर्षे त्यांच्याकडे फारसे कोणी फिरकले नाही.

कॅलिफोर्नियातील सीटस या जैवतंत्रज्ञानाच्या कंपनीत काम करणारे कॅरी मुलिस यांना पी.सी.आर.ची कल्पना 1983 साली, रात्री डोंगराळ रस्त्याने मोटार हाकीत असताना सुचली, ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. दोन्ही बाजूंनी प्राइमर लावून नकलेचीच पुन्हा नक्कल घ्यावयाची, म्हणजे वाढ दामदुपटीने होत जाईल, हे त्यांनी हेरले, आणि त्या सूत्रातील सारे सामर्थ्य एका दृष्टिक्षेपात ओळखले. 1993 साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते यासाठीच. त्यांच्या बुद्धीची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही; पण न्याय सर्वांना मिळाला पाहिजे. 1971 साली हरगोविंद खुराना यांच्या प्रयोगशाळेतील केल क्लेप्पे आणि सहकारी यांनी, दोन प्राइमर वापरून डी.एन.ए.चा तुकडा पुनःपुन्हा दुप्पट करता येईल, अशी मांडणी छापून प्रसिद्ध केली होती. परंतु त्या काळी प्राइमर बनविणे हे महिनोन्महिन्यांचे काम होते आणि उष्णतेस टिकणारे विकर ठाऊक नव्हते, म्हणून ती मांडणी कागदावरच राहिली. सीटसमध्येही कल्पनेला प्रत्यक्षात उतरवण्याचे कष्ट रँडॉल सैकी, हेन्री अर्लिच, नॉर्मन अर्नहाइम, स्टीफन शार्फ आदी मंडळींनी उपसले. डिसेंबर 1985 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या प्रबंधात सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक रोगाचे निदान या पद्धतीने करून दाखविले होते. बीटा-ग्लोबिनच्या जनुकात एका ठिकाणी ए ऐवजी टी आल्याने जडणारा हा रोग आपल्या विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी मुलखात किती घरांत ठाण मांडून आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे दूर कॅलिफोर्नियातील त्या प्रबंधाचा आपल्याशी असलेला संबंध निराळा सांगावा लागत नाही.

त्या पहिल्या प्रबंधातील विकर अद्याप ई. कोलायचेच होते, आणि फेरीगणिक ते नव्याने घालावे लागत होते. तेव्हा मुलिस यांचे लक्ष सिनसिनाटीच्या व रशियाच्या त्या पडून राहिलेल्या प्रबंधांकडे गेले. सीटसने सार्वजनिक संग्रहातून थर्मस ॲक्वाटिकसचा वाण मागवून घेतला, आणि डेव्हिड गेलफँड व सुझॅन स्टॉफेल यांनी त्याचे पॉलिमरेज शुद्ध केले. सिनसिनाटीच्या मंडळींनी या विकराचे वजन बरेच कमी नोंदविले होते. सीटसमध्ये मिळालेले पूर्ण विकर सुमारे 94 हजार डाल्टनचे, 832 अमिनो आम्लांच्या साखळीचे ठरले. ‘टॅक पॉलिमरेज’ या नावाने आज सारे जग ते ओळखते. पहिल्या फेरीपूर्वी एकदा ते नळीत घातले की शेवटच्या फेरीपर्यंत पुन्हा नळी उघडण्याचे कारण उरले नाही. नळी यंत्रात ठेवावी, यंत्राने तापवावे, निववावे, आणि संशोधकाने दुसऱ्या कामाला लागावे. 1988 साली सैकी आदींनी ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधाने हा पालट सर्वांच्या नजरेस आणला, आणि 1989 साली त्या नियतकालिकाने ‘वर्षाचा रेणू’ म्हणून पहिल्यांदाच एका रेणूची निवड केली, तो मान या विकराला दिला.

आता या विकराच्या अंगचे गुणदोष पाहू. 95 अंशांना सतत ठेवले तर निम्मे विकर निकामी होण्यास सुमारे 40 मिनिटे लागतात. एका फेरीत ही आच फार तर अर्धा-एक मिनिट लागत असल्याने तीस-पस्तीस फेऱ्या ते सहज निभावून नेते. 70 अंशांवर ते सेकंदास साठाहून अधिक अक्षरे जोडते, आणि 37 अंशांवर जेमतेम एक-दोन. म्हणूनच पदर भरून घेण्याची पायरी आता 72 अंशांवर ठेवली जाते, आणि त्या उष्णतेत अर्धवट जुळलेला प्राइमर आपोआप सुटून पडत असल्यामुळे भलताच मजकूर नकलला जाण्याचा दोषही पुष्कळ कमी झाला. सोय व्हावी म्हणून आणलेल्या विकराने कामाची शुद्धताही वाढविली, हा लाभ अपेक्षेपेक्षा मोठा ठरला. 1995 साली त्याच्या स्फटिकांची क्ष-किरणांनी तपासणी झाली, तेव्हा त्याची घडण उजव्या हाताच्या पंजासारखी, बोटे, तळहात आणि अंगठा अशी, दिसून आली. ही घडण त्याच्या थंड प्रदेशातील भावंडांचीही आहे. त्याची सहनशीलता कोणा एका नव्या अवयवात सामावलेली नाही. घट्ट बांधलेला अंतर्भाग आणि विरुद्ध विद्युत्भारांच्या अधिक जोड्या अशा अनेक लहान लहान बंधांनी मिळून ती सिद्ध होते.

दोष आहे तो पडताळणीचा. पुष्कळ पॉलिमरेजांत, नुकतेच जोडलेले अक्षर चुकले असल्यास मागे सरून ते काढून टाकण्याची सोय असते. टॅकच्या घडणीत त्या सोयीसाठी लागणारा भाग आकाराने शिल्लक आहे, पण त्यातील कर्तृत्व लोपले आहे. परिणामी त्याच्या हातून चुका अधिक होतात, आणि जेथे प्रत्येक अक्षर मोलाचे असते तेथे दुसरा कारागीर बोलवावा लागतो. असा एक कारागीर इटलीतील व्हल्कानो बेटाच्या किनाऱ्यावरील तापलेल्या गाळात सापडला. कार्ल स्टेटर व गेर्हार्ड फियाला यांनी 1986 साली वर्णन केलेला पायरोकोकस फ्युरिओसस हा जीव 100 अंशांना सुखेनैव वाढतो. तो जिवाणूंच्या नव्हे तर आर्कियांच्या कुळातला आहे. त्याचे ‘पीएफयू’ पॉलिमरेज सावकाश चालते पण चूक दुरुस्त करते. उलट, टॅकमध्ये एक गुण असा आहे की, वाटेत आडवा आलेला पदर ते कुरतडत पुढे जाते. त्या गुणाचा उपयोग करून, वाटेवर प्रकाश देणारा एक खुणेचा तुकडा बसवून ठेवावयाचा आणि तो कुरतडला जाताच उजळणारा प्रकाश मोजावयाचा, अशी युक्ती 1991 नंतर विकसित झाली. साथीच्या काळात अहवालावर छापला जाणारा ‘सी.टी.’ हा आकडा म्हणजे हा प्रकाश किती फेऱ्यांनंतर ठळक झाला, याची नोंद. विषाणूचे आर.एन.ए. आधी दुसऱ्या एका विकराने डी.एन.ए.त उतरवून घ्यावयाचे आणि मग पुढचे काम उष्णतास्नेही पॉलिमरेजवर सोपवावयाचे, एवढाच ‘आर.टी.’ या दोन अक्षरांचा अर्थ.

या नकलांचा उपयोग कोठवर जाऊन पोहोचला, याची मोजदाद येथे करीत बसण्याचे प्रयोजन नाही. 1856 साली जर्मनीत सापडलेल्या निअँडरथल मानवाच्या हाडातून स्वान्ते पेबो यांच्या चमूने 1997 साली डी.एन.ए.चे तुकडे मिळवून वाचले, ते याच पद्धतीने. गर्भातील बालकाचा आनुवंशिक रोग, क्षयाच्या जंतूने औषधाला केलेला प्रतिकार, गुन्ह्याच्या जागी सापडलेला एक केस, या सर्वांच्या तपासाची वाट आज त्या लहानशा नळीतून जाते.

जेथे उपयोग तेथे द्रव्य, आणि जेथे द्रव्य तेथे हक्काचे वाद, हा क्रम येथेही चुकला नाही. 1991 साली हॉफमन-ला रोश या स्विस कंपनीने सीटसकडून पी.सी.आर.चे सर्व हक्क 30 कोटी डॉलरना विकत घेतले. टॅक पॉलिमरेजवरील 1989 च्या पेटंटाविरुद्ध दीर्घकाळ दावा चालला, आणि 1999 साली अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने, पेटंट मिळवताना कार्यालयापुढे खरी माहिती मांडली गेली नाही या कारणास्तव, ते अंमलबजावणीस अयोग्य ठरविले. ज्या यलोस्टोनच्या झऱ्यातून मूळ जीव आला, त्या उद्यानाला या सर्व व्यवहारातून काहीच प्राप्त झाले नाही, आणि ज्यांनी तो जीव शोधला त्या ब्रॉक व फ्रीझ यांनाही नाही. 2013 साली, लोकांच्या पैशातून चाललेल्या पण निरुपयोगी भासणाऱ्या ज्या संशोधनातून पुढे मोठे हित साधले अशा संशोधनासाठी असलेला ‘गोल्डन गूज’ पुरस्कार त्या दोघांना देण्यात आला, ही त्यांच्या ऋणाची उशिराची का होईना, पण जाहीर कबुली होय. भारताने 2002 साली जैवविविधतेचा कायदा करून स्थानिक जीवसंपत्तीच्या उपयोगातून होणाऱ्या लाभात स्थानिकांचा वाटा मान्य केला, त्यामागे जगभरच्या अशाच अनुभवांचा धडा आहे.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. आरंभी नकलेचे रसायन, मग झऱ्याचा शोध, त्यानंतर विकराची घडण, आणि अखेरीस उपयोग व हक्क. तांत्रिक नावे प्रयोगशाळेत जी रूढ आहेत तीच ठेवली आहेत, कारण पुस्तक वाचून कोणी विद्यार्थी उद्या प्रयोगशाळेत उभा राहिला तर त्याला तेथील बोली परकी वाटू नये. ज्यांना रसायनाची आवड नाही त्यांनी तिसरे प्रकरण तूर्त सोडून द्यावे; कथेचा ओघ त्यामुळे खंडित होणार नाही.

शेवटी एक विनंती, आणि ती विशेषेकरून आपल्या महाविद्यालयांतील सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापकांस व विद्यार्थ्यांस आहे. वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजवाडी, उनपदेव, किनवटजवळचे उनकेश्वर, अशी गरम पाण्याच्या झऱ्यांची मोठी मालिका महाराष्ट्राला लाभली आहे. आजवर आपण या पाण्यात स्नान केले, देवस्थाने उभारली, आणि अलीकडे त्यातील सूक्ष्मजीवांचा अभ्यासही सुरू झाला आहे. या अभ्यासातून हाती येणारा प्रत्येक नवा वाण जपण्याची सोयही आपल्या दाराशी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. त्याच शहरात सूक्ष्मजीव संसाधनांचे राष्ट्रीय केंद्र असून, बुडापेस्ट कराराखालील आंतरराष्ट्रीय निक्षेपस्थान म्हणून त्यास 2011 सालापासून मान्यता आहे. असे असताना पदवी पदरात पडली, प्रबंधाची बांधीव प्रत कपाटात गेली, आणि परीक्षानळीतील जिवाणू वाळून नष्ट झाले, असे होऊ देणे हा केवळ आळस नव्हे. पुढे येणाऱ्याच्या हक्काची ती हानी आहे. आपल्या हाती आलेल्या जीवाचा उपयोग काय, हे आपणांस आज सांगता आले नाही तरी चालेल. तो कोठे मिळाला, किती तापमानाला मिळाला, कोणत्या माध्यमात वाढला, एवढे स्वच्छ लिहून तो संग्रहात जमा करा, आणि ते काम पदवीच्या परीक्षेपूर्वी उरका.